पालथ्या वाटीखालचा गूळ

ज्याचं जळतं त्याला कळतं, हे वाक्य मी ज्या माणसाच्या तोंडून सगळ्यात जास्त ऐकलं, त्या माणसाचं आयुष्यात कधी काही जळलं नव्हतं. पिंपळगाव रेणुकाईकडं घरची मोप जमीन, जालन्याला कॉलेजात मराठी शिकवायची नोकरी, आणि बदनापुरात स्टेशनपासून चालत जाता येईल असं स्वतःचं घर. आम्ही त्यांना सर म्हणायचो. ऐंशीच्या पुढची ती वर्षं. रविवारी दुपारी सरांच्या पुढच्या खोलीत आम्हा लिहिणाऱ्यांची बैठक भरायची. दोन-तीन शाळामास्तर, एक ग्रामसेवक, बँकेतला एक कारकून आणि मी. मी तेव्हा रोज गाडीनं जाऊन-येऊन जालन्याला बी.ए. करत होते.

बैठकीचा नियम एकच होता, जगलेलं लिहायचं. कथा वाचून झाली की सर मिटलेले डोळे उघडायचे आणि पंचनामा सुरू करायचे. पंचनामा हा त्यांचाच शब्द. हे पाहिलंस का? कुठं? तू स्वतः होतास का तिथं? नव्हतास, तर ही कथा नाही, थाप आहे. एका मास्तरांनी विहीर खोदणाऱ्यांवर कथा लिहिली, तर सरांनी त्यांना खरंच विहिरीत उतरायला लावलं. मास्तरांचा पाय मोडला. प्लास्टर निघाल्यावर त्यांनी कथा पुन्हा लिहून आणली. ती पहिल्याइतकीच भिकार होती, फक्त आता तिच्यात एका माणसाचा पाय मोडत होता. सर म्हणाले, "आता कशी जिवंत झाली!" मास्तर कुबडी सावरत खूश होऊन घरी गेले.

माझ्यावर तर सरांचा भारीच जीव. बैठकीत मी एकटीच मुलगी, त्यात आम्ही बौद्ध. मला पाहिलं की त्यांचा आवाज ओला व्हायचा. "तुझ्याकडं खाण आहे पोरी, दुःखाची खाण. उपस नुसती." मी घरी जाऊन खाण शोधायचे. वडील सरकारी शेतीवर कायम मजूर होते, दारूला शिवत नव्हते, दोन वेळा चूल पेटत होती. सर म्हणाले, तुला नसेल तर आईला विचार, तिनं भोगलं असेल. मी आईला विचारलं, "आई, तुझं दुःख काय गं?" आई भांडं घासता घासता म्हणाली, "सकाळधरून दळण आणून न्हाई राह्यली तू, हे दुःख हाय सध्या. ऊठ जल्दी."

आता दुःख नव्हतंच असं कोण म्हणतं? होतं की. पण ते सरांच्या चहाबरोबर वाढायचं फरसाण नव्हतं. आईनं जे सोसलं ते तिनं गिळलं होतं, आणि मी बोटं घालून ते ओकायला लावावं, म्हणजे ग्रामसेवकाला गहिवर येईल? वा रे वा! शिवाय अनुभवच पाहिजे होता तर तो सरांच्या समोर, टेबलावर होता. बैठकीत सगळ्यांना निळ्या फुलांच्या कपातून चहा यायचा. माझा कप पांढरा, कान तुटलेला. बैठक संपली की तो धुऊन खिडकीच्या फळीवर वेगळा उपडा ठेवला जायचा. सरांना तो कधी दिसला नाही. समतेवर तासभर बोलून घसा कोरडा पडला की ते माझ्या त्या कपाकडं बघतच निळ्या फुलांच्या कपातला चहा प्यायचे.

तो कप ठेवायच्या सरांच्या बायको. आम्ही सगळे त्यांना वहिनी म्हणायचो. पडद्याच्या आतून हात यायचा, ट्रे यायचा, वहिनी पूर्ण अशा कधी येत नसत. आत सरांच्या आई असायच्या, गुडघ्यानं जागेला खिळलेल्या, पण कपाटाच्या किल्ल्या कमरेला. तूप, गूळ, साखर सगळं कुलपात. म्हातारी पुढच्या खोलीपर्यंत ऐकू येईल अशी विचारायची, "किती घेतलं गं?" सर त्या वेळी स्त्रीमुक्तीवर बोलत असले तर आवाज थोडा चढवायचे.

आणि त्या घराच्या मागच्या अंगणात भांडी घासायला होती माझी मावशी. आईची धाकटी बहीण. दोघींचं माहेर कुंभार पिंपळगाव. मावशीचा नवरा लवकर गेला, मूलबाळ नाही, तेव्हापासून ती आमच्या मागच्या खोलीत राहायची. वडील तिला कधी वाकडं बोलले नाहीत, पण मावशी महा स्वाभिमानी. "दाजीच्या जिवावर फुकट खाणार न्हाई, हातपाय बराबर हायेत माझे," असं म्हणायची. सरांच्या घरचं काम हेच तिचं सगळं होतं. त्या कामाच्या जोरावर ती आमच्या घरात मान वर करून जेवायची, स्वतःची ज्वारी स्वतः आणायची, आणि मला शाईचा पेन तिनंच घेऊन दिला होता. ती मागच्या दारानं यायची, मागच्या दारानं जायची. उंबऱ्याच्या आत तिला मज्जाव होता. मी लहानपणी तिच्याबरोबर गेले की पाहायचे, वहिनी तांब्या उंच धरून वरून पाणी ओतायच्या आणि मावशी ओंजळीनं प्यायची.

मला ते ओंजळीचं लिहायचं नव्हतं. ते लिहिलं असतं तर सर ढसाढसा रडले असते आणि मला रडणारे सर बघवत नव्हते. मला पडद्याच्या आतलं लिहायचं होतं. जिथं मला जाता येत नव्हतं तिथलंच मला दिसायचं, हा माझा नाठाळपणा म्हणा. पुढच्या खोलीत बसून मी आतले आवाज ऐकायचे. पुरुषांची पंगत चालू असताना बांगड्या वाजायच्या, पंगत उठली की भांडी वाजायची, पण बाई जेवायला बसली असा आवाज मला कधी आला नाही. एवढ्यावरून मी कथा रचली.

कथेत एक मोठ्या घरची सून होती. सगळ्यांना वाढून भाकरी संपते. स्वतः एकटीसाठी पुन्हा तवा टाकायचा तर सासू टोकणार. म्हणून तिनं ज्वारीच्या पिठाच्या डब्यात, अगदी तळाशी, एक वाटी पालथी घालून ठेवलेली असते आणि वाटीखाली गुळाचा खडा. ती कोपरापर्यंत पिठात हात घालते, वाटी उचकटते, गूळ तोंडात टाकते. तेवढ्यात नवरा येतो, काहीतरी विचारतो. तिचा हात पांढरा, तोंडात गूळ, उत्तर देता येत नाही. नवऱ्याला वाटतं, बायको मुजोर झाली. तो एक ठेवून देतो. गूळ तोंडात तसाच. बस, एवढीच कथा. आजही सांगते, चांगली होती. त्या बैठकीत त्याच्याआधी आणि नंतर तिच्या जवळपास जाईल असं काही कोणी वाचलं नाही.

मी वाचून थांबले. ग्रामसेवक नेहमीसारखा "वा" म्हणायला निघाला होता, पण सरांकडं पाहून त्यानं तो वा गिळला. सर हसत होते.

"माजघरात गेलीस का कधी कोणाच्या?" सरांनी विचारलं.

का गेले नाही ते सगळ्यांना ठाऊक होतं, पण ते बोलायचं कोणी? मी म्हणाले, "नाही."

"मग? आमच्याकडच्या बायका उपाशी राहतात, हे तुला कोणी सांगितलं?"

"तुमच्याकडच्या नाही सर. गोष्टीतली आहे ती."

"गोष्टीतली बाई आभाळातून पडत नसते. अगं, आमच्या घरात येणारा-जाणारा जेवून जातो, आणि घरची लक्ष्मी पीठ उकरून गूळ खाईल? म्हणून सांगतो, आपलं सोडून दुसऱ्याचं लिहायला गेलं की असं हसं होतं. ज्याचं जळतं त्याला कळतं." मग त्यांना काय लहर आली कोण जाणे. ताठ बसले आणि आत बघून ओरडले, "अगं ए! पिठाचा डबा आण बाहेर. आज जागेवर पंचनामा करू."

सर पुन्हा ओरडले. मग वहिनी आल्या. पहिल्यांदा पूर्ण वहिनी मी तेव्हा पाहिल्या. नाकीडोळी नीट, पण तोंडावरचं रक्त कोणीतरी उपसून घेतल्यासारख्या. डबा दोन्ही हातांनी पोटाशी धरलेला. "कशाला पाहिजे?" एवढंच म्हणाल्या.

"ठेव खाली."

डबा खाली ठेवला. सरांनी सदऱ्याची बाही दुमडली, सगळ्यांकडं बघून डोळा मारला आणि हात पिठात घातला. मास्तर खदखदून हसत होते. सरांचा हात कोपरापर्यंत गेला आणि थांबला. ते हसणं त्यांच्या तोंडावर तसंच राहिलं, आतून मात्र विझलं. पत्र्यावर वाटी घासल्याचा आवाज आला. त्यांनी हात बाहेर काढला तेव्हा पिठानं माखलेल्या मुठीत गुळाचा खडा होता.

वहिनी जमिनीकडं बघत उभ्या. आतून म्हातारीचा आवाज आला, "काय झालं रे? काय सापडलं?"

आता बघा, दुसरा कोणी असता तर त्याला वाटलं असतं, बायको उपाशी राहती काय माझी? निदान बघावं तरी तिच्याकडं. सरांना काय वाटलं? त्यांना वाटलं त्यांचा सिद्धांत बुडाला. वाळूत रुतलेला पाय हिसडून काढावा तसे ते माझ्यावर आले. "तुला कोणी सांगितलं हे?"

"कोणी नाही सर. मी रचलं."

"रचलं! वाटीसकट रचलं? पालथी वाटी? तळाशी? मला येड्यात काढून राह्यली का तू?" शुद्ध मराठी सुटली की समजायचं सर खरंच चिडले.

तेव्हा वहिनी बोलल्या. मान वर न करता, पण ठाम. "हिच्या मावशीनं सांगितलं असंल. मागं भांडे घासती ती. तिच्याबिगर कोणाला ठावंच न्हाई."

माझं डोकं फिरलं. मी उठून उभी राहिले. "तिला तुम्ही उंबऱ्याच्या आत येऊ देता का? पाणी वरून ओतता, हात लागला तर तांब्या घासून घेता. मग तुमच्या पिठाच्या डब्याचा तळ तिनं बघितला कुठून? आणि ह्या कपाचं काय?" तो कान तुटलेला कप मी सगळ्यांसमोर निळ्या फुलांच्या कपांच्या मधोमध नेऊन ठेवला. "ह्याचा करा की पंचनामा!"

ग्रामसेवकानं चहाचा घोट घेतला, त्याचा तेवढा आवाज झाला. सर म्हणाले, "तू जा आता." वहिनी वळल्या आणि तडक मागच्या अंगणात गेल्या. दार उघडंच होतं. "उद्यापून येऊ नको," त्यांचा आवाज आला. "खाल्ल्या घरचे वासे मोजती का? निमकहराम!" मावशी मागं राखेनं भांडी घासत होती, तिनं सगळं ऐकलं होतं. मला वाटलं आता ही तोंड सोडणार, मावशीच्या तोंडाला वस्तीतले पुरुष घाबरायचे. पण मावशी चकार शब्द बोलली नाही. राहिलेली भांडी तिनं घासली, ओळीनं पालथी घातली, हात धुतले आणि निघाली. घरापर्यंत मी तिच्या मागं चालत होते, तिनं एकदाही वळून पाहिलं नाही.

घरी आईनं माझी हजेरी घेतली. "कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ! शिकवलं कशाला तुला, मावशीच्या पोटावर पाय द्यायला? त्या नवरा-बायकोचं काय गेलं? चोर सोडून संन्याशाला फाशी!" मी रडत होते आणि भांडतही होते. मावशी भिंतीला टेकून बसली होती. बऱ्याच वेळानं तिनं विचारलं, "तुला कसं कळलं ते?"

"मनानं लिहिलं मी, मावशी. आई नाही का आपल्या घरात गूळ पिठात वाटीखाली ठेवत, मी सगळा संपवते म्हणून? तेच नेऊन मी त्यांच्या घरात ठेवलं. मला काय माहीत तिथं खरंच असेल?"

मावशीनं आईकडं पाहिलं. आईनं मावशीकडं पाहिलं. आई काहीतरी बोलायला गेली तर मावशी म्हणाली, "गप बस. बिलकुल बोलू नको." आणि भिंतीकडं तोंड करून आडवी झाली. मला वाटलं, माझ्यावरचा राग आहे.

पुढचं सांगायला मला जड जात नाही, मी ते पुष्कळदा सांगितलं आहे. बदनापुरात मावशीला कोणी कामावर ठेवलं नाही. घरातलं बाहेर सांगती, हा शिक्का बसला. दाजीच्या घरात बसून खायचं तिनं मरेपर्यंत मान्य केलं नाही. ती जालन्याला कापसाच्या जिनिंगमध्ये जायला लागली. तिथल्या तुसानं तिची छाती भरली. खोकत जायची, खोकत यायची, आणि आली की स्वतःच्या भाकरीचं पीठ स्वतः मळायची. काही वर्षांनी ती खोकतच गेली. शेवटच्या आजारपणात आईनं तिच्या ओठाला गूळ-पाणी लावलं तर तिनं तोंड फिरवलं.

सरांचं काय झालं विचारता? सरांचं काय होणार, झकास चाललं. त्यांनी दिवाळी अंकात स्वतःच एक कथा लिहिली. पिठाचा डबा, पालथी वाटी, गूळ, सगळं जसंच्या तसं. फक्त त्यांच्या कथेतल्या बायकोला डोहाळे लागलेले असतात आणि नवऱ्याला गूळ सापडल्यावर तो हसून तिला जवळ घेतो. त्या कथेला बक्षीस मिळालं. 'अनुभवाची ऊब' असं परीक्षक म्हणाले. बरोबरच आहे, डबा त्यांचा होता. मला विचाराल तर अनुभवाला एकट्याला काळं कुत्रं विचारत नाही. तो कोणाच्या घरचा आहे ते विचारतात.

मी शाळेत शिक्षिका झाले, लिहीत राहिले. नव्वदच्या पुढं माझं पुस्तक आलं, त्यात ती कथा पहिली. लोकांनी नावाजली. आणि गंमत ऐका, कथेतली बाई मोठ्या वाड्यातली सून आहे हे स्पष्ट लिहिलेलं असताना परीक्षणात काय आलं, तर लेखिकेनं आपल्या आईची भूक मांडली आहे! आईला वाचून दाखवलं तर ती म्हणाली, "मला भूक लागल्यावर मी खाती बाई, लपवून कशाला खाऊ?" समारंभांतून मी त्या रविवारची हकिगत सांगायचे. 'तिला उंबऱ्याच्या आत येऊ देता का' हे माझं वाक्य आलं की टाळ्या पडायच्या. मला ते वाक्य फार आवडायचं.

मग एकदा वहिनी भेटल्या. दोन हजारच्या पुढची गोष्ट. सर वारले होते, म्हातारी तर कधीच गेली होती. बदनापूर स्टेशनच्या बाकावर त्या जालन्याच्या गाडीची वाट बघत बसलेल्या, लेकीकडं निघालेल्या. मी जालन्याहून येऊन उतरले होते. त्यांनीच ओळखलं. म्हणाल्या, "बस." मी बसले. त्या सरळ मुद्द्यावर आल्या.

"तुझी गोष्ट वाचली म्या. लेकीनं आणून देल्ती. खोटी हाय."

"खोटीच असते गोष्ट, वहिनी."

"तसं न्हाई. तो गूळ मी खात नव्हते." त्या रुळाकडं बघत बोलत होत्या. "तुझ्या मावशीसाठी होता तो. उन्हाची चालत यायची. आमच्यात उन्हातून आलेल्याला गूळ-पाणी देतेत, दुश्मनालाबी देतेत. सासूबाई म्हणायच्या, तिला कशाला गूळ? नुसतं पाणी दे. मला ते पटायचं न्हाई. म्हणून चोरून काढून ठेवायची. सासूबाईंचा डोळा चुकवायचा तर ठेवावं कुठं? तर तिनंच सांगितलं मला. पिठात वाटी पालथी घाला, तिथं कोणी हात घालत न्हाई म्हणाली. तिच्या माहेरी तसंच ठेवायचे म्हणं. मला ठाऊक, आन् तिला ठाऊक. तिसरं कोणी न्हाई. मंग तू वाचलं तवा मला काय वाटंल? जिला खाऊ घातलं तिनंच चव्हाट्यावर मांडलं. आन् वरून मलाच उपाशी दाखवलं."

तिच्या माहेरी म्हणजे आईच्याही माहेरी. कुंभार पिंपळगावच्या त्या घरातली युक्ती एका बहिणीनं माझ्या घरात आणली होती आणि दुसरीनं वहिनींच्या. आणि मला आपलं वाटत होतं की मी रचलं. मावशीला ते त्याच रात्री कळलं होतं, भिंतीला टेकून बसल्या बसल्या. आईलाही कळलं होतं.

मी वहिनींना सांगितलं. सगळं सांगितलं, आईचा डबा, मी मनानं लिहिलेलं, मावशीनं एक अक्षर न सांगितलेलं. आणि शेवटी म्हणाले, "तुम्ही तिला उगीच हाकललं."

मला त्यांना लागावं असंच वाटत होतं आणि ते लागलं. त्यांचा हात पदराच्या टोकाशी चाळा करत होता, तो थांबला. "मंग ती बोलली का न्हाई?" त्यांनी विचारलं. "एक शब्द बोलली असती तं..."

"काय बोलायची? माझ्यासाठी ठेवतात म्हणून सांगायचं? आत तुमच्या सासूबाई ऐकत होत्या. तुम्हाला फाडून खाल्लं असतं."

वहिनी रडल्या नाहीत. मलाही त्यात सुख लागेना, कारण माझं ते टाळ्यांचं वाक्य मला आठवत होतं. तिला आत येऊ देता का! मावशी तेव्हा मागं राख हातात घेऊन ते ऐकत होती, आणि तिच्या तोंडात बहुतेक त्याच घरचा गूळ होता. गाडी आली. चढताना त्या म्हणाल्या, "हे लिही आता. खरं काय ते लिही. लोकं मला उपाशी समजतेत."

मी लिहिलं. जीव तोडून लिहिलं. एक बाई, तिची सासू, मागच्या अंगणातली दुसरी बाई, आणि वाटीखालचा गूळ. काही बदललं नाही, काही घातलं नाही. औरंगाबादच्या एका संपादकाकडं पाठवलं. चुणचुणीत, आजच्या पिढीचा मुलगा. त्याचा फोन आला. "मॅडम, वाईट वाटून घेऊ नका, पण हे रचलेलं वाटतं. अशी मालकीण असत नाही हो. फिल्मी होतंय. तुमची ती जुनी कथा बघा, काय दाहक आहे! तुम्ही तरी अनुभवाशी प्रामाणिक राहायला पाहिजे."

मी त्याला काय बोलले ते छापण्यासारखं नाही.

उन्हाळ्यात वहिनी पुन्हा स्टेशनवर दिसल्या. मी शाळेतून उन्हाची चालत आलेली, डोक्यावर पदर. त्यांनी लांबूनच विचारलं, "आलं का छापून?"

"नाही. कोणाला पटत नाही म्हणे."

त्यांनी मान हलवली. "राहू दे मंग. उपाशी बाई पटती लोकायला." मग पिशवीतून त्यांनी एक लहान डबी काढली, उघडून माझ्यासमोर धरली. आत गूळ. "घे. उन्हातून आलीस."

मी घेतला. तोंडात टाकला. त्यांनी पाण्याचा तांब्या काढला, झाकण काढलं, उठून उभ्या राहिल्या आणि तांब्या उंच धरला. त्यांच्या ध्यानीमनीही नव्हतं, डोळ्यांत माझ्याबद्दल माया होती, ती मी शपथेवर सांगेन. हात आपोआप वर गेला होता. आणि मी आयुष्यात कधी तसं पाणी प्यायले नव्हते, माझ्यासाठी तर कप होता. तरी माझे दोन्ही हात जुळले, ओंजळ झाली, मान बरोबर तेवढीच वाकली. एक थेंब सांडला नाही.

हे मात्र तो संपादक छापेल.